मोझार्टची धून मूळ पट्टीत का परतत नाही?

प्रश्न : मी पियानोवर मोझार्टचा सी मेजर सोनाटा (अनेक खंडांची वाद्यरचना; के. ५४५ हा तिचा सूची-क्रमांक) शिकत आहे. सोनाटाच्या पहिल्या खंडाच्या शेवटच्या भागात पहिली धून मूळ पट्टीत परतते, असे शिकवले जाते. पण या सोनाटाच्या पहिल्या खंडात ती एफ मेजरमध्ये येते. हा नियमभंग म्हणायचा, की मोझार्टने येथे आपले श्रम वाचवले?

उत्तर : तुम्ही नेमकी जागा हेरली आहे. आरंभी सी-ई-जी अशी चढणारी धून ४२ व्या बारला (बार म्हणजे लिपीतला तालाचा एक आवर्तनखंड) एफ-ए-सी अशी येते, म्हणजे सी हा षड्ज धरला तर ती मध्यमावरून उठते. मोझार्टने २६ जून १७८८ रोजी आपल्या रचनांच्या वहीत 'नवशिक्यांसाठी छोटा सोनाटा' अशी याची नोंद केली आणि त्याच तारखेला तेथे ३९ वी सिंफनीही नोंदवली. अशा दिवसांतली ही जागा अनवधानाने घडली असेल, असे मला मुळीच वाटत नाही.

सोनाटाचा जो आराखडा आज पाठ करून घेतला जातो, तो १९ व्या शतकातील लेखकांनी पक्का केला. मोझार्टच्या काळी पहिली धून बहुधा मूळ पट्टीतच परतत असे, हे खरे. परंतु त्याहून मोठे बंधन दुसऱ्या धुनेचे होते. मांडणीत, म्हणजे धुना प्रथम ऐकवणाऱ्या सुरुवातीच्या भागात, ती परक्या पट्टीत, येथे १४ व्या बारपासून जी मेजरमध्ये म्हणजे पंचमावर, ऐकवलेली असते आणि अखेरीस तिला मूळ पट्टीत आणल्याशिवाय रचनेला स्वस्थता येत नाही. ५९ व्या बारला ती सी मेजरमध्ये येते, आणि हे बंधन पूर्ण पाळले जाते.

आता श्रम वाचवण्याविषयी. सीपासून जी जितका वर, तितकाच एफपासून सी वर असल्यामुळे पहिला मजकूर जसाच्या तसा एफवर उतरवला असता, तरी दुसरी धून आपोआप सीमध्ये पोहोचली असती. मोझार्टने हा सोपा मार्ग घेतलेला नाही. पहिल्या वेळी केवळ उजव्या हाताने वाजवलेल्या धावत्या स्वरपंक्ती येथे डाव्या हातालाही दिल्या आहेत, त्यामुळे दुसऱ्या धुनेआधीचा हा भाग चार बारांनी लांबला आहे आणि शेवटी तो मांडणीतल्याच जीच्या विरामावर येऊन थांबतो. नक्कल करायची असती, तर ही वाढ करण्याचे काहीच कारण नव्हते. मला तर सबंध खंडातली हीच सर्वांत विचारपूर्वक घडवलेली जागा वाटते.

संगीतकार शूबर्टनेही पुढे ही युक्ती वापरली. त्याच्या 'ट्राउट' पंचकाच्या (पाच वाद्यांसाठीच्या रचनेच्या) पहिल्या खंडात पहिली धून अशीच मध्यमावरून परतते.

सराव करताना ५० व्या बारपासून डावा हात दबू देऊ नका, कारण तेथे मुख्य ओळ त्याच्याकडे आहे. आणि ४२ व्या बारला थोडा हळुवार स्पर्श ठेवलात, तर ५९ व्या बारला सी मेजर आल्याचे ऐकणाऱ्यालाही स्पष्ट जाणवेल.