चॅटमधली फाईल असते कुणाकडे? टीम्सबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न मायक्रोसॉफ्ट टीम्स या ऑफिसातल्या चॅट-मीटिंगच्या अ‍ॅपबद्दलचे आहेत, आणि विचारणारे वीस ते दोनशे माणसांच्या कंपन्यांतले. तिथे वेगळा आयटी विभाग नसतो. अ‍ॅडमिनचा पासवर्ड अकाउंट्स सांभाळणाऱ्याकडेच असतो. उत्तरं तशाच कार्यालयांसाठी आहेत.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. डिझाइनचा इंजिनिअर नोकरी सोडून गेला. लायसन्सचे पैसे वाचावेत म्हणून आम्ही त्याचं खातं डिलीट केलं. आता त्याने चॅटवर पाठवलेली ड्रॉइंग्ज उघडत नाहीत. मेसेज दिसतो, फाईल मिळत नाही. असं का?

फाईल चॅटमध्ये नव्हतीच. चॅटवर पाठवलेली फाईल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ऑनलाइन साठ्यात, ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स चॅट फाइल्स’ या फोल्डरमध्ये राहते. तुमच्या पडद्यावर दिसतो तो नुसता दुवा. टीम म्हणजे माणसांचा गट, चॅनल म्हणजे त्यातला एका विषयाचा कप्पा. चॅनलमध्ये टाकलेली फाईल मात्र त्या टीमच्या शेअरपॉइंट साइटवर, म्हणजे सामायिक साठ्यात, जाते, आणि माणूस गेला तरी ती तिथेच राहते. म्हणून ड्रॉइंग, दरपत्रक, टेस्ट सर्टिफिकेट असं काहीही चॅटवर पाठवायचं नाही, चॅनलवरच टाकायचं, हा नियम एकदा घालून द्या.

आता आधी दिवस मोजा. खातं डिलीट करून ३० दिवस झाले नसतील, तर अ‍ॅडमिन सेंटरच्या ‘डिलीटेड यूजर्स’मधून ते परत आणा, वनड्राइव्हसकट सगळं परत येतं. मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर ३० दिवसांनंतर वनड्राइव्ह डिलीट होतं, पण पुढचे ९३ दिवस शेअरपॉइंटचा अ‍ॅडमिन ते पॉवरशेलमधून (कमांड टाइप करून) परत आणू शकतो. हे ९३ दिवसही उलटले आणि रिटेन्शन पॉलिसी (डेटा ठरावीक काळ राखून ठेवणारा नियम) लावलेली नसेल, तर ड्रॉइंग्ज ग्राहकाकडून परत मागण्याखेरीज उपाय नाही.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साइन-इन ब्लॉक करा आणि लगेच सगळी सेशन्स (आधीपासून चालू असलेली लॉगिन्स) रद्द करा. दुसरी पायरी बहुतेक जण विसरतात, आणि मग त्याच्या मोबाइलवरचं टीम्स आणखी काही काळ चालत राहतं. मग यूजरच्या पानावरच्या वनड्राइव्ह टॅबमधून फाईल्सचा अ‍ॅक्सेस त्याच्या वरिष्ठाला द्या आणि कामाच्या फाईल्स चॅनलवर हलवा. हलवल्यावर चॅटमधले जुने दुवे चालत नाहीत, म्हणून नवी जागा चॅनलवर लिहून ठेवा. मेलबॉक्स ‘शेअर्ड’ करून घ्या. ५० जीबीपर्यंत त्याला लायसन्स लागत नाही. तो एखाद्या टीमचा एकटाच ओनर होता का, तेही बघा. हे सगळं झाल्यावरच लायसन्सला हात लावा. शेअरपॉइंट अ‍ॅडमिन सेंटरमध्ये वनड्राइव्ह रिटेन्शन ३० दिवसांवरून ३६५ वर नेऊन ठेवा. कमाल मर्यादा ३६५० दिवसांची आहे, पण तेवढी कारखान्याला लागत नाही.

प्रश्न : बेलापूरला आमचं कस्टम क्लिअरिंगचं काम आहे. आयातदारांना टीम्समध्ये घ्यायचं आहे. गेस्ट करावं का? भागीदार म्हणतात, लिंक पाठवली की काम झालं.

भागीदारांची वाट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट. ‘एनीवन’ प्रकारची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडते. ट्रान्सपोर्टरच्या ग्रुपवर फॉरवर्ड झाली की न्हावा शेवापर्यंत कुणीही बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचं कस्टमचं कागदपत्र) वाचू शकतो. शेअरपॉइंटच्या शेअरिंग पॉलिसीत ‘न्यू अँड एक्झिस्टिंग गेस्ट्स’ निवडा आणि डिफॉल्ट लिंक ‘स्पेसिफिक पीपल’ ठेवा. तुमच्याकडे केवायसीचे पॅन-आधारही पडून असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

बाहेरच्या माणसाला आत घेण्याच्या रीती तीन. ‘एक्स्टर्नल अ‍ॅक्सेस’मध्ये चॅट आणि कॉल होतो, तुमची टीम त्याला दिसत नाही. ‘गेस्ट’ तुमच्या डिरेक्टरीत नोंदवला जातो आणि ज्या टीममध्ये घ्याल तिथली सगळी स्टँडर्ड चॅनल्स त्याला दिसतात. घोडं इथेच अडतं: ‘ऑपरेशन्स’ नावाच्या एकाच टीममध्ये पाच आयातदार घेतले, की पाचही जण एकमेकांची इन्व्हॉइसेस बघतात. म्हणून एका ग्राहकाला एक टीम द्या, किंवा त्याच्यापुरतं प्रायव्हेट चॅनल. तिसरी रीत शेअर्ड चॅनलची. त्यात तो स्वतःच्या कंपनीच्या लॉगिननेच येतो, गेस्ट खातं लागत नाही. मात्र दोन्हीकडच्या अ‍ॅडमिननी एन्ट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टची खाती आणि लॉगिन सांभाळणारी सेवा) ‘बी-टू-बी डायरेक्ट कनेक्ट’ उघडावं लागतं. जीमेलवाल्या छोट्या आयातदारासाठी हे चालणार नाही, त्याला गेस्टच करा.

काम संपल्यावर गेस्टला टीममधून काढलं तरी डिरेक्टरीतली त्याची नोंद तशीच राहते. तीही काढावी लागते. दर तीन महिन्यांनी गेस्टची यादी समोर घ्या आणि ज्याच्या नावापुढे ‘हा कुणाचा ग्राहक?’ याचं उत्तर कुणाला देता येत नाही, त्याला काढून टाका.

प्रश्न : ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसात अकाउंट्सच्या ताईंना टीम्सवर ‘हेल्प डेस्क’ नावाने मेसेज आला. क्विक असिस्ट (दुसऱ्याला आपला संगणक दुरून चालवू देणारं विंडोजचं अ‍ॅप) उघडून कोड टाकायला सांगितलं. त्यांनी टाकला नाही. पण बाहेरचा माणूस आत आलाच कसा?

ताईंनी वाचवलं. आत यायला त्याला काही फोडावं लागलं नाही. एक्स्टर्नल अ‍ॅक्सेस मुळात सगळ्या डोमेनसाठी उघडाच असतो. अशा बनावट तांत्रिक मदतीच्या मेसेजबद्दल मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२३ मध्येच सावध केलं होतं. मे २०२४ मध्ये क्विक असिस्टचा प्रकारही समोर आला: आधी इनबॉक्समध्ये फालतू मेलचा पूर आणायचा, मग ‘मदत करतो’ म्हणून संपर्क साधायचा.

टीम्स अ‍ॅडमिन सेंटरमध्ये एक्स्टर्नल अ‍ॅक्सेसला जाऊन फक्त ठरावीक डोमेनना परवानगी द्या. यादी विक्री आणि खरेदी विभागाकडून घ्या, नाहीतर सोमवारी सकाळी अर्धे ग्राहक तुटलेले सापडतील. वैयक्तिक टीम्स खात्यांवरून येणारा संपर्कही बंद करा. क्विक असिस्ट कुणी वापरत नसेल तर संगणकांवरून काढून टाका.

उद्या कुणी कोड टाकलाच, तर संगणक नेटवर्कपासून तोडा, पण फॉरमॅट करू नका; पुरावा त्यातच असतो. त्या यूजरची सेशन्स रद्द करा, पासवर्ड बदला, मेल बाहेर फॉरवर्ड करणारे नियम कुणी टाकलेत का ते तपासा. स्टँडर्ड ऑडिट लॉग (कुणी कधी काय केलं याची नोंद) १८० दिवसांचा असतो. लागेल तो भाग लगेच काढून ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावी लागते. पैसे गेले असतील तर आधी बँक आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या आर्किटेक्ट फर्ममध्ये माणसं ४० आणि टीम्स १३०! नवीन टीम बनवणं बंदच करून टाकू का?

पूर्ण बंद केलंत तर कामं वॉट्सॲपवर जातील, आणि तिथे तुमचं काहीच चालत नाही. टीम बनवण्याचा अधिकार पाच-सहा जणांच्या ग्रुपला द्या. त्यासाठी एन्ट्रा आयडी पी-वन हे लायसन्स लागतं, जे मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस प्रीमियम प्लॅनमध्ये येतं. प्रत्येक टीमला किमान दोन ओनर ठेवा. टीमला ३६५ दिवसांची एक्स्पायरी (मुदत संपली की टीम डिलीट) लावा. वापरात असलेली टीम आपोआप रिन्यू होते, पडीक टीमच्या ओनरला ३०, १५ आणि १ दिवस आधी मेल जातो. चुकून गेलेली टीम ३० दिवसांत परत आणता येते. ताबा दिलेल्या प्रकल्पांच्या टीम्स डिलीट न करता आर्काइव्ह करा, आणि तसं करताना शेअरपॉइंट साइट ‘रीड-ओन्ली’ करण्याच्या चौकटीवर टिक करायला विसरू नका. ती राहिली तर मंजूर प्लॅनवर कुणीही नवी आवृत्ती चढवू शकतो.

प्रश्न : नौपाड्यात सीएचं कार्यालय आहे. मीटिंगमध्ये भलतंच कुणी येऊ नये म्हणून काय करावं?

लॉबीच्या (मीटिंगबाहेर थांबवण्याच्या जागेच्या) सेटिंगमध्ये थेट प्रवेश फक्त संस्थेतल्या माणसांना आणि गेस्टना द्या, बाकीचे बाहेर थांबतील. फोनवरून डायल करणाऱ्यांनाही थांबवा. प्रेझेंटर फक्त ऑर्गनायझर ठेवा. आणि दर महिन्याची एकच लिंक सगळ्या अशिलांना देऊ नका. तिचं चॅट एकच असतं, पुढच्या अशिलाला मागच्याचे आकडे दिसू शकतात.