मोहरी ओट्यावर की वाण्याकडे?

प्रश्न : ताई, आमची डिलिव्हरीची सेवा सेकंदाला २० हजार रिक्वेस्ट घेते. पिनकोडवरून झोन आणि दर काढायला प्रत्येक रिक्वेस्टमागे रेडिसला, म्हणजे वेगळ्या सर्व्हरवर मेमरीत डेटा ठेवणाऱ्या साठ्याला, पाच वेळा विचारावं लागतं. हल्ली रेडिसच दमतो. त्याचे आणखी नोड (सर्व्हर) घ्यावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबा, आधी हिशेब करू. पाच गुणिले २० हजार, म्हणजे सेकंदाला लाखभर फेऱ्या. एकाच डेटासेंटरमधली फेरी ढोबळमानाने अर्ध्या मिलिसेकंदाची धरतात आणि स्वतःच्या मेमरीतलं वाचन शंभरेक नॅनोसेकंदांचं. शिवाय आलेले बाइट उलगडून ऑब्जेक्ट (प्रोग्रामला वापरता येईल अशी नोंद) बनवायला सीपीयू जळतो तो वेगळाच. तेल तापल्यावर मोहरी आणायला वाण्याकडे पळावं, तसं चाललंय तुमचं.

बरं, आणायचं तरी किती? देशात पिनकोड सुमारे १९ हजार. नोंदीला २०० बाइट धरले तरी सगळा तक्ता चार एमबीत मावतो. तो प्रत्येक प्रोसेसच्या, म्हणजे तुमच्या चालू प्रोग्रामच्या, पोटातच ठेवा. जावात असा डेटा मेमरीत ठेवायला कॅफीन ही लायब्ररी छान आहे, पण एवढ्याशा तक्त्याला साधा हॅशमॅपही (पिनकोड दिला की नोंद देणारी रचना) पुरे. दर मिनिटाला नवा भरायचा आणि पूर्ण भरला की जुन्याच्या जागी ठेवायचा.

मला धास्ती आहे ती शिळ्या दराची. एका नोकरीत आमचे आठ सर्व्हर होते. दर बदलला, सात जणांनी उचलला. आठव्यावरचा तक्ता भरणारा थ्रेड (प्रोग्राममधलं समांतर चालणारं काम) एक्सेप्शन, म्हणजे न सांभाळलेली चूक, येऊन गुपचूप मेला होता. ग्राहकाला कधी ४० रुपये दिसत, कधी ५५. आम्ही दोन दिवस डेटाबेसलाच दोष देत बसलो! तेव्हापासून ‘तक्ता किती मिनिटं जुना’ हा आकडा मी प्रत्येक सर्व्हरच्या डॅशबोर्डवर लावतेच.

आणखी एक खोड. रेडिसकडून दर वेळी नवी प्रत मिळते, इथे मात्र सगळे थ्रेड एकच ऑब्जेक्ट वापरतात. कुणी सवलत त्यातच वजा केली, तर पुढच्या सगळ्यांना फुकटची सवलत. म्हणून ऑब्जेक्ट इम्युटेबल, म्हणजे एकदा बनवल्यावर बदलता न येणारं, ठेवा.

रेडिस काढून टाकू नका. सेशन (कोण लॉगिन आहे त्याची नोंद), रेट लिमिटची (कुणी किती रिक्वेस्ट केल्या त्याची) मोजणी तिथेच राहू द्या, कारण तिथे तुमच्या सगळ्या सर्व्हरना एकच उत्तर हवं. आणि मिनिटभराचा उशीरही चालत नसेल, तर रेडिसच्या सहाव्या आवृत्तीपासून एखाद्या नोंदीची किल्ली (key) बदलली, की तो स्वतःच कळवतो, ती सोय बघा. मिनिटभर जुना दर लागला तर चालेल का, हे मात्र तुमच्या हिशेबखात्याला विचारा. लेखी घ्या.