काका म्हणतात बफिंग करू

प्रश्न: वाईच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर ठासणीची बंदूक सापडली. लॉकच्या (घोडा-चापाच्या यंत्रणेच्या) पट्टीवर मुकुट धरून उभा राहिलेला सिंह आहे, घोडा टोपीवर (ठिणगी देणाऱ्या छोट्या स्फोटक टोपणावर) पडणारा आहे, नळी पार तपकिरी-काळी झालीय. काका म्हणतात बफिंग (चाकावर घासून चकाकी आणणं) करून चकमकीचा घोडा बसवून घेऊ, म्हणजे ओरिजिनल होईल आणि किंमत पण वाढेल. करावं का?
– एक वाचक, वाई

उत्तर: आधी ती भरलेली नाही ना ते बघा, हसू नका, कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. नळीच्या तोंडासमोर उभं न राहता लाकडी काठी आत टेकेपर्यंत घाला, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. टोक निपलच्या (टोपी बसते त्या बोंडाच्या) दोन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे, मग हात न लावता पोलिसांना कळवा.

आता बफिंग. नको म्हणजे नको. तो तपकिरी थर म्हणजे घाण नाही, तो बसलेला गंज आहे आणि जुन्या बंदुका घेणारे आधी तोच बघतात. अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या ग्रेडिंगमध्ये मूळ फिनिश जवळजवळ गेलेलं असलं तरी सगळे पार्ट ओरिजिनल असतील तर बंदूक 'व्हेरी गुड'मध्ये बसते, पण घासून चकचकीत केली किंवा परत ब्ल्यूइंग (धातूला निळसर-काळा रंग चढवणं) केलं की खाली 'गुड'मध्ये. म्हणजे काका पैसे देऊन किंमत उतरवणार! शिवाय बफिंगच्या चाकाखाली सिंह पण पुसट होईल. लाल भुकटी सुटत असेल तेवढ्याच जागी हलकं तेल आणि एकदम बारीक स्टील वूल, वरून मेण, बास.

चकमकीचं म्हणाल तर सिंह हा ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का, 1808 च्या सुमारास आला, त्याआधी बदामाच्या आकाराचा शिक्का असायचा. तेव्हाच्या बंदुका चकमकीच्याच, पुढे 1840 च्या आसपास टोपीचा जमाना आला तेव्हा बऱ्याच बदलून घेतल्या गेल्या. पट्टीवर बुजवलेल्या भोकांच्या गोल खुणा दिसतात का बघा, दिसल्या तर तुमचीही त्यातलीच असणार, आणि तो बदल त्या काळातलाच असेल तर तो पण ओरिजिनलच की! आज नवीन घोडा बसवला तर तो मात्र बनाव. फक्त सिंहावर भुलू नका, जुनं लॉक दुसऱ्याच बंदुकीला जोडलेलंही असतं. खोलून बघायचा मोह होईल, पण स्क्रूच्या खाचा एकदा खराब झाल्या की त्या लपत नाहीत.

आणि कायद्याचं. 1959 च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम 45 मध्ये सूट आहे ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या हत्याराला, नवा घोडा बसवून तुमची उडू शकत असेल तर ती त्यात बसत नाही. म्हणून कारागिराकडे नेण्याआधी पोलीस स्टेशनला लेखी कळवा आणि पोच घ्या.