ह्यूस्टनला नवीन आलायस म्हणून, हरिकेन सीझनच्या आधी

अरे, परवा फोनवर म्हणालास ना, बेरिल वादळ इथे आलं तेव्हा तर कॅटेगरी वनच होतं, त्याचं एवढं काय, ते काही डोक्यातनं जाईना म्हणून हे लिहितोय.

कॅटेगरी फक्त वाऱ्याचा वेग सांगते रे. पाऊस किती पडेल, समुद्र किती आत घुसेल, ते त्यात नसतंच. 2024 च्या जुलैत त्याच बेरिलने 20 लाखांवर ग्राहकांची लाइट घालवली, बऱ्याच जणांची आठवडाभर आली नाही आणि वर इथला तो जीवघेणा उकाडा. 2001 चं ॲलिसन तर हरिकेन झालंच नाही कधी, तरी मेडिकल सेंटरच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या, तळघरांत पाणी भरलं. हार्वी 2017 मध्ये किनाऱ्याला लागलं, जोर कमी झाला, पण पुढे सरकेचना, इथेच घुटमळत कोसळत राहिलं, कुठे कुठे 40 इंचांच्या वर पाऊस.

तुझी खोली तळमजल्यावर आणि बायू, म्हणजे इथला संथ वाहणारा ओढा, हाकेच्या अंतरावर, म्हणजे तुला खरी भीती पाण्याचीच. रेंटर्स इन्शुरन्स आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, त्यात सहसा पूर धरत नाहीत, फ्लडची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, भाडेकरूला नुसत्या सामानासाठीही मिळते. पण सरकारी पॉलिसी लागू व्हायला साधारण 30 दिवस जातात, टीव्हीवर वादळ दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही. सीझन 1 जूनला सुरू होतो, तेव्हा एप्रिलमध्येच उरकून टाक, प्लीज.

वादळ यायच्या आदल्या दिवशी गाडीत गॅस, म्हणजे पेट्रोल, फुल करून ती पार्किंग गॅरेजच्या वरच्या मजल्यावर लाव. अंडरपासमधून अजिबात जायचं नाही, पाणी दिसतं गुडघाभर आणि असतं पुरुषभर. फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी गोठवून वर एक नाणं ठेव, लाइट आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं, सरळ फेकून दे, चिकनचा मोह नको. शेजाऱ्याने बाल्कनीत जनरेटर लावला तर भिडेखातर गप्प बसू नकोस, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसं झोपेतच जातात.

शहर सोडून निघायचं की नाही ते तुझ्या झोनला, म्हणजे तुझ्या भागाला, काय सांगितलंय त्यावर ठरव. 2005 मध्ये रिटा वादळाच्या वेळी सगळेच एकदम निघाले, हायवेवर तासन्तास अडकले, उन्हाने माणसं गेली. पाणी चढेलसं वाटलं तर आमच्याकडे ये, आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत, फक्त पाऊस सुरू व्हायच्या आधी ये. आणि आईला आत्ताच सांगून ठेव की दोन दिवस फोन लागला नाही तरी घाबरू नकोस.