अर्धा गुण कुणाचा?

प्रश्न : भाचा अमेरिकेत शिकतो. कॉलेज बास्केटबॉलच्या सामन्यात ‘एकूण गुण १४१.५ च्या वर’ यावर त्यानं अंदाजांच्या बाजारात (अंदाज खरा ठरला तर एक डॉलर, नाही तर काहीच नाही) ५४ सेंटला ‘हो’ घेतलं म्हणे. हा अर्धा गुण कुठला? मलाही इथून घेता येईल का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : अहो, अर्धा गुण कुणीच करत नाही, निकाल अधांतरी राहू नये म्हणून तो चिकटवलेला. दोन्ही संघांचे मिळून १४२ झाले, की भाच्याला डॉलर. १४१ वर थांबले, तर ५४ सेंट बुडाले. जिंकलं कोण, याच्याशी देणंघेणं नाही. भाव ५४, म्हणजे बाजाराच्या मते शक्यता साधारण ५४ टक्के. खरी गंमत ६८-६८ अशा बरोबरीत: जादा पाच मिनिटांतले गुणही सहसा धरतात, मग बुडालेला ‘हो’ तरंगतो! तुम्ही मात्र या फंदात पडू नका. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्याकडे २०२५ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि असे पैसे पाठवायला बँकेलाही मनाई.