वकिलांकडे अडकलेली फाइल आणि समोरच्या बाजूने उभे राहिलेले वकील

प्रश्न : वाटपाच्या दाव्यात वकील बदलायचा आहे. आधीचे वकील म्हणतात, ‘चाळीस हजार बाकी आहेत, ते भरा, मग फाइल न्या.’ त्यांच्याकडे मूळ खरेदीखत आहे. ते फाइल अडवू शकतात का? (सातारा)

नाही. फी बाकी असो वा नसो, अशिलाने मागितल्यावर फाइल परत करावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात 2000 सालीच हे स्पष्ट केले आहे. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेने 1993 मध्ये आपल्या वकिलांचे काम थांबवून फायली मागितल्या. वकिलांनी आधी 97,100 रुपये मागितले. करार कायद्याच्या कलम 171 प्रमाणे थकबाकीपोटी वस्तू ताब्यात ठेवता येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. दाव्याचे कागद म्हणजे त्या कलमातला विकता येण्याजोगा माल नव्हे, आणि मागूनही फाइल न देणे ही व्यावसायिक गैरवर्तणूक आहे, असे ठरले.

फीचे भांडण वेगळे आणि फाइल वेगळी. वकिलांची फी खरोखर बाकी असेल, तर ती कायदेशीर मार्गाने वसूल करण्याचा त्यांचा हक्क शाबूत राहतो. तुम्हीही ‘फाइल द्या, मग फीचे बघू’ असे लिहू नका. त्याने दोन्ही गोष्टी पुन्हा एकमेकींत अडकतात.

तोंडी मागणीला पुरावा नसतो. एका पानाचे पत्र लिहा : दाव्याचा क्रमांक, न्यायालय, परत हव्या असलेल्या कागदांची यादी आणि सात-दहा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टाने पोच घेऊन पाठवा, तेच ईमेलवर आणि व्हॉट्सअॅपवरही. यादीत दस्ताचे नाव, तारीख, नोंदणी क्रमांक, पाने आणि मूळ की झेरॉक्स, हे सगळे हवे. कोऱ्या कागदावर, स्टॅम्प पेपरवर किंवा चेकवर सह्या करून दिल्या असतील तर तेही यादीत घाला. लोक नेमके हेच विसरतात. पैशाचा हिशेबही मागा, तो देणे वकिलांवर बंधनकारक आहे. कागद ताब्यात घेताना मोजून घ्या आणि मगच ‘मिळाले’ अशी सही करा. यादीची एक सही केलेली प्रत तुमच्याकडे राहू द्या.

पत्र पाठवण्याआधी एक खात्री करा. मूळ खरेदीखत कोर्टात निशाणी (पुराव्याच्या कागदाला कोर्ट देते तो क्रमांक) पडून दाखल झालेले असेल, तर ते वकिलांकडे नाहीच. ते कोर्टाकडे अर्ज करून, सहसा निकाल लागून अपिलाची मुदत संपल्यावर मिळते. त्याआधी हवे असेल तर प्रमाणित नक्कल जागी ठेवून आणि गरज पडल्यास मूळ हजर करण्याची हमी देऊन मागता येते. दस्त खरोखरच गहाळ झाला असेल, तर नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते.

प्रश्न : जुने वकील ‘ना हरकत’ देत नाहीत. नवे वकील म्हणतात, त्याशिवाय वकीलपत्र दाखल करता येत नाही. (नाशिक)

नव्या वकिलांची काळजी रास्त आहे. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियम 39 प्रमाणे आधीच्या वकिलांची संमती लागते. पण ती मिळाली नाही तर कारण नमूद करून कोर्टाची परवानगी मागता येते, हेही त्याच नियमात आहे. अर्जासोबत तुमचे मागणीपत्र आणि त्याची पोच जोडा. दरम्यान दावा थांबत नाही. ई-कोर्ट्सच्या अॅपवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याची स्वतंत्र ओळख) टाकून पुढची तारीख पाहा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. फाइल मिळेपर्यंत दावा, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), निशाण्या आणि रोजनाम्याच्या (तारखेवारी कामकाजाच्या नोंदीच्या) नकला कोर्टातून काढून घ्या. नव्या वकिलांना तेवढ्यावर काम सुरू करता येते.

प्रश्न : ज्या वकिलांनी माझ्यासाठी भावाला नोटीस पाठवली, तेच आता त्याच दाव्यात भावातर्फे उभे आहेत. (सांगली)

हे चालत नाही. बार कौन्सिलचा नियम 33 सांगतो की एखाद्या प्रकरणात ज्याला सल्ला दिला, ज्याचे कागद तयार केले किंवा ज्याच्या वतीने काम केले, त्याच्या विरुद्ध पक्षातर्फे वकिलाने उभे राहू नये. फी घेतली नव्हती, हा बचाव होत नाही.

प्रकरण पूर्ण वेगळे असेल, म्हणजे पूर्वी मोटार अपघाताचे आणि आता शेतीचे, तर मात्र उत्तर इतके सरळ नसते. तिथे प्रश्न गोपनीय माहितीचा येतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 प्रमाणे अशिलाने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्याचे बंधन काम संपल्यावरही टिकते.

हरकत पहिल्याच तारखेला, लेखी घ्या. साक्षीपुरावा सुरू झाल्यावर घेतलेली हरकत कोर्टाला वेळकाढूपणा वाटते. पुरावा म्हणून नोटिशीची प्रत, फीची पावती, मेसेज, जे असेल ते जोडा. आणि एक चूक टाळा : त्यांना काय काय सांगितले होते ते अर्जात लिहू नका. जी गुपिते वाचवायची तीच भावाच्या हातात जातील. सल्ला कधी आणि कोणत्या विषयावर घेतला, एवढेच पुरे.

प्रश्न : सोसायटीच्या पुनर्विकासात सोसायटीच्या वकिलांची फी बिल्डर देतो. हे योग्य आहे का? (ठाणे)

पैसे कुणाच्या खिशातून येतात यापेक्षा सूचना कोण देतो, हे पाहा. नियम 19 नुसार वकिलाने अशिलाच्या किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीच्याच सूचनांवर चालायचे, आणि इथे अशील सोसायटी आहे. म्हणून नेमणूक सर्वसाधारण सभेच्या ठरावाने करा. फी सोसायटीच्या खात्यातून द्या. बिल्डरने ती रक्कम सोसायटीला द्यावी, थेट वकिलांना नको. नेमणूकपत्रात ‘अशील : सोसायटी’ असे स्पष्ट लिहा. या बिल्डरचे दुसरे काम तुम्ही करता का, हे वकिलांना लेखी विचारा. नियम 14 प्रमाणे असे संबंध सुरुवातीलाच आणि काम चालू असतानाही उघड करायचे असतात. पुनर्विकास कराराचा मसुदा बिल्डरसाठी ज्यांनी केला, तेच वकील सोसायटीला नकोत, बिल्डरने कितीही भलामण केली तरी. सभासदाचा क्षेत्रफळाचा वैयक्तिक वाद असेल, तर त्याने स्वतःचा वकील करावा.

प्रश्न : परस्परसंमतीच्या घटस्फोटात दोघांना एकच वकील चालेल का? (पुणे)

पोटगी, मुले, घर यांवर सगळे आधीच ठरले असेल तर लोक तसे करतात. पण वाद पेटला की त्या वकिलांना दोघांपैकी कुणाच्याच बाजूने उभे राहता येणार नाही आणि दोघांनाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. घर किंवा मुलांचा ताबा बाकी असेल, तर वेगळे वकीलच करा.

प्रश्न : वकिलांविरुद्ध ग्राहक मंचात जाता येते का? (मडगाव)

आता नाही. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठरवली. तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करायची. तुमच्यासाठी ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. तक्रार मराठीत चालते, पण सही आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याचे लेखी निवेदन) हवे. घटना तारखेनुसार लिहा, संताप कमी आणि जोडपत्रे जास्त. शिस्तपालन समितीने एका वर्षात निकाल न दिल्यास प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. शिक्षा समज देण्यापासून वकिलीची सनद काही काळ निलंबित करणे किंवा कायमची काढून घेणे इथपर्यंत होऊ शकते. राज्य कौन्सिलच्या निर्णयावर 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येते आणि तिथल्या आदेशावर पुन्हा 60 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात.