केळीच्या खोडापासून पॅकिंगचं सामान बनवायचा धंदा खान्देशात जमेल का?

तुम्ही विचारलंय की जळगाव भागात केळीची खोडं फुकट पडून असतात, मग त्यांच्यापासून कुजणारे ट्रे बनवायचा कारखाना टाकावा का. मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक, चार वर्षांपासून खोडाचा धागा काढतोय. जमेल, पण आधी पाण्याचा हिशेब करा.

केळीला घड एकदाच येतो. तो उतरवला की खोडाचं काम संपलं, पुढं बुडातून फुटलेलं पिल (नवा कोंब) वाढवायचं. हेक्टरी 60 ते 80 टन खोड निघतं हे ऐकून माणूस हरखतो. त्यात 90 टक्क्यांच्या वर पाणी असतं! 100 किलो खोडातून वाळलेला धागा जेमतेम एक किलो हाती लागतो. खोडं ट्रॅक्टरने लांब ओढलीत तर डिझेल जाळून पाणीच वाहाल. धागा काढायचं मशीन बांधावर न्या.

मी पहिल्या वर्षी उलटं केलं. ट्रॉलीभर खोडं गोठ्यामागे रचली, मजूर मिळाले तिसऱ्या दिवशी. तोवर खोडाची सोपं, म्हणजे एकावर एक असलेले थर, आंबली. धागा निघाला काळपट, बोटाला गुंडाळून ओढला की तुटायचा. घेणाऱ्याने सगळा माल परत केला. आता सकाळी चिरलेलं खोड दुपारच्या आत मशीनमधून काढतो, लगेच धुऊन तारेवर टाकतो. वैशाखाच्या उन्हात संध्याकाळी तो फिकट सोनेरी, खडखडीत होऊन हातात येतो. खोडातून निघालेलं पाणी आणि चोथाही टाकू नका. नवसारी कृषी विद्यापीठाने याच पाण्यापासून द्रवरूप खत तयार केलंय.

पुढं धाग्याचे तुकडे कॉस्टिक सोड्यात शिजवायचे, धुवायचे, कुटून लगदा करायचा आणि साच्यात दाबून वाळवायचा. लाकडापेक्षा यात लिग्निन, म्हणजे तंतू घट्ट चिकटवून ठेवणारा पदार्थ, कमी, त्यामुळे शिजायला सोपं. ते सोड्याचं पाणी मात्र नाल्यात सोडू नका, खाली लोकांच्या विहिरी आहेत.

चहाच्या कपाच्या मागे लागू नका. लगदा पाणी पितो, आणि वरून प्लास्टिकचा थर दिला तर तो कुजणार कसा? आपल्याच केळीकडे बघा. परदेशी जाणाऱ्या 13 किलोच्या खोक्यात फण्यांच्या मध्ये फोम घालतात. त्या जागी तुमची शीट ठेवा आणि खोकं शीतगृहात 13 अंशांवर ठेवून रोज उघडून बघा. माझी पातळ शीट तिथल्या ओलाव्याने चार दिवसांत लोळली. दुप्पट जाड केली तेव्हा टिकली, आणि फणीवर एक डाग नव्हता.